शुद्ध, जाग, जाणीव: 'बदललेली अवस्था' नेमकी कशाला म्हणायची?

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जाणीव म्हणजे कॉन्शसनेस, याची पक्की व्याख्या आहे का, आणि 'अल्टर्ड स्टेट' म्हणजे बदललेली अवस्था कशाकशाला म्हणायचं, झोप, दारू, ध्यान, तापातली बडबड, भूल हे सगळं एकाच यादीत येतं का. आणि सगळ्यात शेवटी, जो मला खरा प्रश्न वाटतो तो, की विचारणाऱ्याचे वडील मोठ्या ऑपरेशननंतर दोन दिवस भलतंसलतं बोलत होते, घरच्यांना ओळखायचे पण मधेच कोपऱ्यात कुणीतरी उभं आहे म्हणायचे, तर ते तेव्हा शुद्धीवर होते का नव्हते. मी भूलतज्ज्ञ आहे, आयसीयूतही बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे पेशंटच्या उशाशी उभं राहून जे दिसतं तिथून उत्तर देते. लांबलचक होणार आहे.

सगळ्यांना मान्य अशी एकच व्याख्या नाहीये. त्यातल्या त्यात सगळ्यात जास्त वापरात असलेली कल्पना थॉमस नेगल या तत्त्वज्ञाने १९७४ साली मांडली, वटवाघळाचं उदाहरण घेऊन. वटवाघूळ असणं हे वटवाघळाला स्वतःला आतून कसंतरी वाटत असणार, आपल्याला ते कसं ते कळणार नाही, पण काहीतरी वाटतंय एवढं असेल तरी जाणीव आहे. दगडाला दगड असण्याचं काहीच वाटत नाही. बस, एवढंच. मला ही व्याख्या मनापासून पटते कारण ती बुद्धी, भाषा, 'मी'पणा, शहाणपण हे सगळं बाजूला ठेवून अनुभवावर बोट ठेवते. तान्ह्या बाळाला दुखतं तेव्हा त्याला शब्द नसतात, तारीख माहीत नसते, पण दुखणं असतंच. पुढे १९९५ मध्ये डेव्हिड चामर्स यांनी विचारलं की मेंदूतल्या पेशी, रसायनं, करंट यांच्यापासून हे 'वाटणं' मुळात का निर्माण होतं, आणि त्याला अवघड प्रश्न असं नाव पडलं, तो अजून सुटलेला नाही. न्यूरोसायंटिस्ट क्रिस्टॉफ कॉख यांनी १९९८ मध्ये चामर्स यांच्याशी पैज लावली होती की २५ वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण सापडेल, २०२३ मध्ये ते जाहीरपणे हरले आणि वाइनच्या बाटल्या देऊन मोकळे झाले. म्हणजे या विषयातले सगळ्यात मोठे लोकही अजून वाटेतच आहेत.

पण या व्याख्येची अडचण अशी की ती आतून आहे आणि आम्ही डॉक्टर कायम बाहेर उभे असतो. मला पेशंटचं 'वाटणं' दिसत नाही, मला दिसतं डोळे उघडले का, नाव सांगितलं का, चिमटा काढल्यावर हात ओढला का. ग्लासगो कोमा स्केल १९७४ सालचं, टीसडेल आणि जेनेट यांचं, डोळ्यांचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६ मार्क, कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १५. अतिशय उपयोगी गोष्ट आहे, डोक्याला मार लागलेला पेशंट बिघडतोय का सुधारतोय हे यावरून तासातासाला कळतं, मी आजही रोज वापरते. पण ते मोजतं प्रतिसाद. जाणीव नाही. आणि या दोन गोष्टींची गल्लत हाच या सगळ्या विषयातला मुख्य घोळ आहे असं माझं ठाम मत आहे, आणि पुढचं सगळं उत्तर त्याभोवतीच फिरणार आहे.

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात जाणिवेचं चित्र असतं ते दिव्याच्या रेग्युलेटरसारखं, इकडे फिरवला की लख्ख जागे, तिकडे फिरवला की कोमा, मधे झोप, गुंगी, नशा वगैरे. हे चित्र सोडून द्या असं मी माझ्या प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला सांगते. एकाच बटणाऐवजी निदान पाच वेगळे प्रश्न विचारायला लागतात: माणूस जागा आहे का, त्याला आत काही अनुभव येतोय का, तो अनुभव बाहेरच्या जगाशी जोडलेला आहे का, त्याला प्रतिसाद देता येतोय का, आणि हे त्याला नंतर आठवणार आहे का. पाचांची उत्तरं एकमेकांपासून सुटी असू शकतात, अगदी कुठलीही जोडी फुटू शकते, आणि ती फुटलेली मी बघितली आहे.

आठवणीपासून सुरू करते कारण तिथे लोक सगळ्यात जास्त फसतात. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर केलाय आणि पेशंटला फार भीती वाटतेय म्हणून सलाईनमधून थोडं मिडाझोलम हे गुंगीचं औषध दिलंय, असा प्रसंग रोजचा. पेशंट माझ्याशी नीट बोलत असतो, डोळे अर्धवट मिटलेले, आवाज थोडा जड, पण उत्तरं बरोबर. मुलगी काय करते, कितवीत आहे, एसी कमी करा, हात अवघडलाय जरा सरकवा, सगळं. मी हात सरकवते, तो 'हां, आता बरं वाटलं' म्हणतो. तासाभराने रिकव्हरीत हाच माणूस मला विचारतो, 'मॅडम, ऑपरेशन कधी सुरू करणार?' मधला अख्खा तास त्याच्यासाठी झालेलाच नाही. आता तो तेव्हा बेशुद्ध होता का? अजिबात नाही, हात अवघडल्याचं त्याला कळत होतं, दुखणं थांबल्याचं कळत होतं. फक्त मेंदूने त्याची नोंद केली नाही. म्हणून 'मला काहीच आठवत नाही' यावरून 'मला तेव्हा काहीच कळत नव्हतं' असा निष्कर्ष कधीही काढू नका, स्वतःबद्दलसुद्धा.

प्रतिसादाचं तर याहून गंभीर आहे. ऑपरेशनसाठी स्नायू सैल करायची औषधं १९४२ पासून वापरात आली, मॉन्ट्रियलमध्ये ग्रिफिथ यांनी क्युरारे वापरलं तेव्हापासून. काही जणांना शंका होती की या औषधानेच शुद्धही जात असेल, कारण पेशंट अगदी निपचित पडतो. १९४७ साली स्कॉट स्मिथ नावाच्या अमेरिकन भूलतज्ज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून घेतला, भुलीचं काहीही न घेता नुसतं क्युरारे. पापणीसुद्धा हलत नव्हती, श्वास दुसऱ्यांनी दिला, आणि उतरल्यावर त्यांनी आजूबाजूला कोण काय बोललं, काय काय केलं ते सगळं सांगितलं. पूर्ण जागे, पूर्ण भानावर, प्रतिसाद शून्य. ग्लासगो स्केलवर हा माणूस तळाला गेला असता.

मग खऱ्या भुलीखाली काय होतं हे कसं शोधायचं? त्यासाठी एक साधी आणि हुशार युक्ती आहे, टन्स्टॉल यांनी १९७७ मध्ये सांगितलेली. स्नायू सैल करायचं औषध द्यायच्या आधी एका हाताला बीपीसारखा कफ बांधून घट्ट फुगवायचा, म्हणजे त्या हातात रक्तातून औषध पोचत नाही आणि सगळं अंग लुळं असताना तो एक हात हलू शकतो. मग कानाशी जाऊन नाव घेऊन सांगायचं, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. २०१७ मध्ये सहा हॉस्पिटलांत मिळून २६० पेशंटवर हे केलं, श्वासाची ट्यूब टाकल्यानंतर लगेच, आणि १२ जणांनी हात दाबला. साधारण ४.६ टक्के. नंतर विचारलं तेव्हा कुणालाच त्यातलं काही आठवत नव्हतं. या आकड्याने घाबरून जाऊ नका, भुलीतून जाग येऊन ती लक्षात राहणं ही फार दुर्मिळ गोष्ट आहे, ब्रिटन-आयर्लंडच्या २०१४ च्या मोठ्या पाहणीत पेशंटनी आपणहून सांगितलेलं प्रमाण सुमारे १९ हजारांत एक असं आलं होतं. पण बघा, एकाच गोष्टीला तुम्ही 'नंतर आठवलं का' या प्रश्नाने मोजता की 'आत्ता हात दाबला का' या प्रश्नाने मोजता यावर उत्तर शेकडो पटींनी बदलतं. व्याख्या हा नुसता पुस्तकी वाद नाही तो याच्यामुळे.

आयसीयूत आणि मेंदूला इजा झालेल्यांच्या बाबतीत हेच पुढे जातं. डोळे उघडे आहेत, झोप-जाग असं चक्र चालू आहे, पण कशालाच अर्थपूर्ण प्रतिसाद नाही, या अवस्थेचं वर्णन १९७२ मध्ये जेनेट आणि प्लम यांनी केलं. समज अशी होती की जाग आहे, जाणीव नाही. मग २००६ मध्ये एड्रियन ओवेन यांच्या टीमने अशाच एका २३ वर्षांच्या बाईला, अपघातानंतर पाच महिन्यांनी, मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून सांगितलं की तुम्ही टेनिस खेळताय अशी कल्पना करा, मग सांगितलं की स्वतःच्या घरातल्या खोल्यांतून फिरताय अशी कल्पना करा. दोन्ही वेळेला मेंदूतले वेगवेगळे भाग चालू झाले, धडधाकट माणसात होतात तसेच. पुढे २०१० मध्ये ५४ पेशंटपैकी ५ जणांत असं दिसलं आणि त्यातल्या एकाने टेनिस म्हणजे हो आणि घर म्हणजे नाही असं ठरवून साध्या प्रश्नांची उत्तरंसुद्धा दिली. २०२४ मधल्या मोठ्या अभ्यासात बाहेरून काहीच आज्ञा न पाळणारे २४१ जण होते, त्यातल्या ६० जणांत, म्हणजे चौघांत एकात, स्कॅन किंवा ईईजीवर, म्हणजे मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या तपासणीत, प्रतिसाद सापडला. आणि बाकी ज्यांच्यात सापडला नाही त्यांच्यात नसेलच असंही म्हणता येत नाही, कारण पाच-दहा मिनिटं सांगितलेलं डोक्यात धरून कल्पना करत राहणं हे दमवणारं काम आहे, बरे असलेलेही काही जण त्या टेस्टमध्ये नापास होतात. या एका कारणासाठी मी बेडशेजारी उभं राहून पेशंटबद्दल 'यांना काही कळत नाही' असं कुणालाच बोलू देत नाही, नातेवाइकांना नाही आणि डॉक्टरांनाही नाही.

आता बाहेरच्या जगाशी जोडलेलं असणं. स्वप्न हे सगळ्यात सोपं उदाहरण: अनुभव भरपूर, रंग, माणसं, भीती, पळापळ, पण खोलीत काय चाललंय त्याच्याशी संबंध जवळजवळ तुटलेला आणि शरीर लुळं. आपल्याकडे मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती असे भाग पाडलेत आणि त्यापलीकडे तुरीय म्हणजे चौथी अवस्था, ते मला अजूनही फार चांगलं वर्गीकरण वाटतं कारण त्यात स्वप्नाला 'कमी जाग' म्हटलेलं नाही, वेगळी अवस्थाच मानलंय. आणि गाढ झोपेत जाणीव असते का नाही हा वेदांती आणि नैयायिक यांच्यातला जुना वाद आज प्रयोगशाळेत पुन्हा आलाय. लोकांना रात्रीतून अनेकदा उठवून विचारलं तर ज्याला आपण स्वप्नांची झोप म्हणत नाही त्या झोपेतूनसुद्धा बरेचदा काहीतरी चाललं होतं असं सांगतात, कधी कधी 'काहीतरी होतं पण काय ते गेलं' असंही सांगतात. २०१७ मध्ये फ्रान्चेस्का सिक्लारी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मेंदूच्या मागच्या भागातल्या संथ लाटा कमी झाल्या की अनुभव असतो, मग झोप कुठल्याही प्रकारची असो. २०२१ मध्ये तर चार देशांतल्या टीमनी स्वप्नात आहोत हे माहीत असलेल्या झोपलेल्या माणसांना आठातून सहा वजा असं गणित विचारलं आणि झोपेतूनच डोळे दोनदा हलवून उत्तर मिळालं. झोपलेला, स्वप्नात, तरी जगाशी एक धागा जोडलेला.

आम्ही पेशंटला सांगतो की आता झोपवतो, ते धीर द्यायला ठीक आहे, पण भूल म्हणजे झोप नाही, ती औषधाने आणलेली आणि औषध थांबवलं की उतरणारी कोमाच्या जवळची अवस्था आहे. झोपेतून उठल्यावर साधारण किती वेळ गेला याचा अंदाज असतो. प्रोपोफॉल या शिरेतून द्यायच्या औषधाच्या भुलीतून उठलेला माणूस बहुतेक वेळा आत्ताच डोळे मिटले होते अशा चेहऱ्याने बघतो. आणि सगळ्या भुली सारख्या नसतात. केटामिन वेगळंच आहे. १९६२ मध्ये बनवलेलं हे औषध, दिल्यावर पेशंटचे डोळे उघडे राहतात, बुबुळं हळूहळू इकडेतिकडे सरकत असतात, श्वास स्वतःचा चालू, आणि जखमेला हात लावला तरी चेहऱ्यावर काही नाही. बघणाऱ्याला वाटतं आत कुणी नाही. उतरताना विचारलं तर एक जण म्हणतो मी वर छतापाशी होतो, दुसरी म्हणते बोगद्यातून जात होते, कुणी रडत उठतं, कुणी इतकं शांत उठतं की बोलायचं नसतं त्याला. आत काहीच बंद नव्हतं, बाहेरची तार तुटलेली होती. म्हणून केटामिन द्यायच्या आधी पेशंटला एखादी आवडती जागा डोळ्यांसमोर आणायला सांगावं आणि आजूबाजूला गोंगाट ठेवू नये, फरक पडतो.

हे नुसतं पेशंटच्या सांगण्यावर नाही. मेंदूला बाहेरून चुंबकाचा एक झटका देऊन त्याचे पडसाद ईईजीवर बघायचे अशी एक पद्धत आहे, मार्चेल्लो मासिमीनी यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवलं की जागेपणी तो पडसाद दूरपर्यंत, गुंतागुंतीच्या वाटांनी जातो आणि गाढ झोपेत जिथल्या तिथे विरतो. २०१३ मध्ये त्यांनी त्या गुंतागुंतीचा एक आकडा काढला, फाइल झिप करताना ती किती आकसते हे बघतात त्याच गणिताने. प्रोपोफॉलखाली आकडा खाली, केटामिनखाली जागेपणाच्या जवळपास, स्वप्नांच्या झोपेतही वर. प्रतिसाद शून्य असलेली ही दोन माणसं, एकाच्या आत शांतता आणि दुसऱ्याच्या आत अख्खं जग. ज्यांना 'पातळी' हा शब्द आवडतो त्यांना मी नेहमी विचारते की केटामिनवाला वर ठेवणार का खाली.

तर आता बदललेली अवस्था. हा शब्द १९६६ मध्ये अर्नोल्ड लुडविग यांच्या लेखाने आणि मग चार्ल्स टार्ट यांच्यामुळे रुळला. टार्ट यांची कसोटी अशी, की माणसाला स्वतःलाच आपलं मन नेहमीपेक्षा वेगळ्या तऱ्हेने चाललंय असं स्पष्ट जाणवलं म्हणजे अवस्था बदलली. ही कसोटी ध्यानाला, सायकेडेलिक म्हणजे एलएसडीसारख्या भास घडवणाऱ्या औषधांना छान लागू होते, पण अर्ध्याहून जास्त महत्त्वाच्या ठिकाणी साफ पडते. स्वप्न बघणाऱ्याला पत्ता नसतो. बरळणाऱ्या पेशंटला पत्ता नसतो. आणि सगळ्यात बोलकं उदाहरण पायलटांचं आहे: ट्रेनिंगमध्ये त्यांना बंद चेंबरमध्ये बसवून २५ हजार फुटांवर असते तितकी विरळ हवा करतात आणि मास्क काढायला लावतात. हातात कागद, साधी वजाबाकी करत राहा. पहिल्या मिनिटाला ठीक. मग अक्षर मोठं व्हायला लागतं, ओळ वर चढते, तोच आकडा पुन्हा पुन्हा लिहिला जातो आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर मात्र हसू, त्याला वाटतंय आपण मस्त चाललोय. मास्क लाव असं समोरून सांगितलं तरी हो म्हणतो आणि लावत नाही. त्या उंचीवर कामाची शुद्ध तीन ते पाच मिनिटं टिकते. इतकी बदललेली अवस्था आणि 'वेगळं वाटणं' जवळजवळ नाहीच, म्हणून तर आपली पहिली लक्षणं कुठली ते ओळखायला शिकवायचं ट्रेनिंग द्यावं लागतं.

दुसरी कसोटी रेवोनसुओ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडली: जगाचं किंवा स्वतःचं चित्र मेंदू चुकीचं उभं करायला लागला, आणि ती चूक एखाददुसरी नसून मागची यंत्रणाच तशी चाललीय, तर अवस्था बदलली. ही मला जास्त जवळची वाटते, डिलिरियमला म्हणजे आजारपणातल्या भ्रमाला, स्वप्नाला, हायपॉक्सियाला म्हणजे त्या पायलटांसारखा ऑक्सिजन कमी पडण्याला चपखल बसते, पण ध्यानाच्या बाबतीत तोकडी पडते कारण अनेक वर्षं बसणारा माणूस खोलीतलं काहीही चुकीचं बघत नसतो, उलट घड्याळाची टिकटिक तुमच्यापेक्षा नीट ऐकत असतो, आणि तरी त्याचा 'मी' पातळ झालेला असतो.

मी स्वतः कामासाठी जे वापरते ते असं. अनुभवातला मजकूर बदलला म्हणून अवस्था बदलत नाही. अनुभव जुळवायची रीतच बदलली, तर बदलते. म्हणजे वेळेचं भान, 'मी' कुठे संपतो आणि बाकीचं कुठे सुरू होतं याचं भान, हे खरं का मनातलं याची तपासणी, लक्ष हवं तिथे नेण्याची आणि टिकवण्याची ताकद, आणि नोंद होणं, यातल्या दोन-तीन गोष्टी एकदम, काही काळापुरत्या, त्या माणसाच्या नेहमीच्या जागेपणापेक्षा सरकल्या पाहिजेत. 'त्या माणसाच्या' हे महत्त्वाचं, कारण तुलना दुसऱ्या कुणाशी नाही, त्याच्या स्वतःच्या परवाशी आहे. खूप दुःख, संताप, प्रेमात पडणं, हे सगळं कितीही जोरात असलं तरी मजकूर आहे. गाडी चालवताना तंद्री लागली आणि मधला रस्ता आठवत नाही, ही माझ्या मते अवस्था बदललेली नाही, लक्ष दुसरीकडे होतं आणि नोंद झाली नाही एवढंच, समोर कुणी आडवं आलं असतं तर तुम्ही ब्रेक मारला असता आणि त्याच क्षणी पूर्ण हजर झाला असता. पण रात्री स्टिअरिंगवर डुलकी येऊन एक-दोन सेकंद मेंदू खरंच झोपतो ती गोष्ट वेगळी, तिथे ब्रेक मारायला कुणी नसतं, तेव्हा 'तंद्री लागली' म्हणून ते उडवून लावू नका, गाडी बाजूला घेऊन झोपा.

दारूचे पहिले दोन घोट म्हणजे मूड, पुढे तोल, निर्णय, नोंद सगळं सुटायला लागलं की अवस्था. ज्याला ब्लॅकआउट म्हणतात त्यात माणूस चालतो, बोलतो, बिल देतो आणि दुसऱ्या दिवशी कोरा, हे माझ्या मिडाझोलमवाल्या पेशंटसारखंच, मेंदूतल्या बऱ्याचशा त्याच रिसेप्टरवर, म्हणजे पेशींवर औषध चिकटायच्या जागांवर, दोन्ही काम करतात. लहान मुलांमधले ॲबसन्स सीझर, म्हणजे फिटचा एक प्रकार, वाक्याच्या मधे पाच-दहा सेकंद नजर गोठते आणि मग पुढचा शब्द, ईईजीवर सेकंदाला तीनच्या लयीत टोकं, त्याला मी बदललेली अवस्था म्हणण्यापेक्षा तुटलेली जाणीव म्हणेन. झोपेत चालणं हे मधलंच: काही भाग जागे, काही गाढ झोपलेले, एकाच डोक्यात एकाच वेळी, म्हणून दार उघडता येतं पण कुठे चाललोय ते विचारून उपयोग नसतो.

सायलोसायबिन, एलएसडी या सायकेडेलिक औषधांबद्दल खूप विचारलं जातं म्हणून थोडक्यात. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाच्या एका ठरावीक रिसेप्टरवर ती चालतात, तो रिसेप्टर आधीच औषधाने बंद केला तर सायलोसायबिनचा परिणाम जवळजवळ होत नाही हे १९९८ मध्येच दाखवलं गेलं. २०१७ च्या एका अभ्यासात या औषधांखाली मेंदूच्या लहरींमधली विविधता जागेपणापेक्षाही जास्त निघाली आणि लगेच 'जाणिवेची उच्च पातळी' असे मथळे आले. विविधता जास्त म्हणजे उंची जास्त असं काही नाही, त्याच माणसाला त्याच वेळी रांगेत शंभरातून सात-सात वजा करायला सांगा, जमत नाही. एका बाजूने वाढतं, दुसऱ्या बाजूने सुटतं. पुन्हा तेच, एक बटण नाहीये.

आता वडिलांचं. जे लिहिलंय त्यावरून ते डिलिरियमसारखं वाटतं, मोठ्या ऑपरेशननंतर वयस्कर लोकांत हे अगदी नेहमी दिसतं. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: जागे होते, अनुभव होता, भरपूर होता, प्रतिसादही देत होते. सरकलं होतं ते लक्ष आणि खऱ्या-खोट्याची तपासणी, आणि बहुतेक वेळेचं भान. म्हणजे शुद्ध गेलेली नव्हती, अवस्था बदललेली होती, अगदी नेमक्या अर्थाने. आम्ही बेडशेजारी हे कसं ओळखतो तर 'नाव काय, गाव काय' यावर फारसं जात नाही, कारण ते बरेचदा बरोबर सांगतात. आम्ही लक्ष तपासतो: मी दहा अक्षरं एकामागून एक म्हणते, ठरलेलं अक्षर आलं की तेवढ्यालाच हात दाबा. डिलिरियममधला पेशंट पहिल्या दोनला बरोबर दाबतो, मग भलत्याच अक्षराला दाबतो, मग दाबतच बसतो, किंवा माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागतो. दोनपेक्षा जास्त चुका झाल्या की लक्ष गेलंय. अचानक सुरू होणं आणि दिवसभरात कमीजास्त होणं ही दुसरी खूण, सकाळी अगदी व्यवस्थित, संध्याकाळी चादर चिमटत बसतात, सुया ओढतात, कोपऱ्यातला माणूस परत येतो. वेड लागणं किंवा स्मृतिभ्रंश याच्यापासून हे इथेच वेगळं पडतं, त्या गोष्टी दोन दिवसांत येऊन अशा खालीवर होत नाहीत.

आणि एक प्रकार आहे जो नातेवाईक आणि स्टाफ दोघांच्याही नजरेतून सुटतो, शांत डिलिरियम. पेशंट त्रास देत नाही, पडून असतो, विचारलं तर हं म्हणतो, सगळे म्हणतात आज किती छान आराम केला. त्यालाही आत तेच चाललेलं असू शकतं. तुमचे वडील बोलत होते हे एका अर्थाने बरं, निदान कळलं तरी.

हे शरीराच्या कुठल्यातरी बिघाडाचं लक्षण असतं, म्हणून कारण शोधावं लागतं: इन्फेक्शन, ऑक्सिजन, सोडियम, दुखणं, तुंबलेली लघवी, झोप न होणं, आणि आमची स्वतःची औषधं, विशेषतः झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्या. पुन्हा ऑपरेशनची वेळ आली तर आधीच भूलतज्ज्ञांना सांगा की मागच्या वेळी असं झालं होतं, त्यावरून आम्ही औषधं बदलतो. चष्मा आणि कानाचं मशीन शक्य तितक्या लवकर परत द्यायला सांगा, खिडकीजवळचा बेड मागा, घड्याळ दिसेल असं ठेवा, ओळखीचं माणूस जवळ बसू द्या. कोपऱ्यात माणूस आहे म्हणाले तर वाद घालू नका, हो पण म्हणू नका, 'मला दिसत नाहीये, पण मी इथे बसलोय' एवढं पुरतं.

शेवटचं, आणि हे बहुतेक ठिकाणी राहून जातं. या दिवसांच्या आठवणी विचित्र राहतात, खरं घडलेलं पुसलं जातं आणि भास मात्र खिळ्यासारखे रुतून बसतात, कुणीतरी मला बांधून ठेवलं होतं, विष देत होते, वगैरे. महिन्यांनंतरही माणसं ते मनात धरून असतात आणि वेडं समजतील म्हणून बोलत नाहीत. काही आयसीयूंमध्ये यासाठी डायरी ठेवतात, नर्स आणि घरचे मिळून रोज दोन-चार ओळी लिहितात, आज ट्यूब काढली, आज तुम्ही मला हाक मारली, आज हात बांधावे लागले कारण नळी ओढत होतात. तुमच्याकडे डायरी नसेल, पण तुम्ही तिथे होतात. त्यांना विचारा काय काय दिसत होतं, हसू नका, पूर्ण ऐका, आणि मग त्या दोन दिवसांत प्रत्यक्षात काय झालं ते तारीखवार सांगा, दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की बऱ्याच जणांना तो गुंता आपणहून सोडवता येतो.